साहेब, आपण कोण?

एसटीसारखं तिकीट काढून बसता येईल असा विमानतळ मुळशी तालुक्यात नाही. तरीही २०२४ साली दीड महिन्याच्या आत या तालुक्यात दोन हेलिकॉप्टरं कोसळली. २४ ऑगस्टच्या शनिवारी, भर पावसात, जुहूहून हैदराबादकडे निघालेलं एडब्ल्यू १३९ जातीचं हेलिकॉप्टर पौडजवळ कोंढवळ्याच्या शिवारात पडलं. आतले चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या सकाळी पावणेसातच्या सुमाराला, बावधन बुद्रुकला गोल्फ मैदानाच्या हेलिपॅडवरून उडालेलं ऑगस्टा १०९ काही मिनिटांत धुक्यात टेकडीवर आदळलं आणि पेटलं. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघेही गेले. हे हेलिकॉप्टर जुहूला जाऊन एका खासदारांना रायगडकडे नेणार होतं.

दोन्ही वेळी सर्वांत आधी पोचले ते गावकरी. मग पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, महसूल खात्याची माणसं, आणि मोबाइल उंच धरून उभी असलेली गर्दी. अपघाताच्या तपासाबद्दल तेव्हा लागू असलेले २०१७ चे नियम सांगतात की माणसांना किंवा जनावरांना बाहेर काढणं, आग विझवणं, लोकांना असलेला धोका टाळणं, अशा कारणांखेरीज विमानाच्या अवशेषांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे तिथे पहारा बसतो. पहाऱ्यावर कोण? स्थानिक पोलीस ठाण्याचा शिपाई. त्याच्या आयुष्यात विमान अपघाताचा पंचनामा याआधी आलेला नसतो, पुढेही बहुधा येणार नसतो. अशा वेळी पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरतात. गळ्यात निळ्या फितीला अडकवलेलं कार्ड, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात फायलींची बॅग. ‘डीजीसीएतून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातून) आलोय,’ म्हणतात आणि दोरीखालून वाकून आत जायला लागतात.

शिपायाने काय करायचं? हा प्रसंग मी कल्पिलेला आहे. पौडला किंवा बावधनला असा तोतया आला होता असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण तो आला असता तर त्याला अडवायला नेमकी कोणती व्यवस्था होती, हा प्रश्न काल्पनिक नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की दुसऱ्याला तपासण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याचा तो अधिकार आधी स्वतःला तपासू दिल्यावरच सुरू व्हायला हवा. आणि ही तपासणी करण्याची सोय व हिंमत व्यवस्थेतल्या सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे हवी. आपल्याकडे नेमका त्यालाच गप्प बसायला शिकवलेलं असतं.

मोठ्या विमानतळावर हा प्रश्न फारसा टोचत नाही. लोहगावला किंवा सांताक्रूझला निरीक्षक आला तरी त्याला आधी प्रवेशद्वार ओलांडावं लागतं. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान असतो, नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार दिलेला प्रवेशपरवाना लागतो, परवान्यावर कुठल्या भागात जाता येईल ते लिहिलेलं असतं. विमानापाशी पोचेपर्यंत माणूस दोन-तीन वेळा चाळून निघतो. हेलिकॉप्टरची गंमत अशी की ते या सगळ्या चाळण्या मागे ठेवून थेट शेतात उतरतं. मुळशीत आता हे नवलाचं राहिलेलं नाही. जमिनीला भाव आले, फार्महाउस आली, आणि नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरू लागले. आदल्या दिवशी रोलर फिरवून जागा सपाट करतात, चुन्याने वर्तुळ आखून मध्ये मोठा ‘एच’ काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून बांबूला कापडाची नळी बांधतात. भोवती दोरी, दोरीबाहेर पोरंटोरं आणि बँडवाले. आत एक सुरक्षा एजन्सीचा वॉचमन. बऱ्याचदा तो मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला, बारा तासांच्या ड्युटीवरचा असतो. काही कोटींच्या त्या यंत्राची राखण तो करतो. जो आवाज चढवून बोलेल त्याला आत सोडायचं आणि जो चाचरेल त्याला बाहेर ठेवायचं, हा त्याचा अनुभवातून आलेला नियम आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नोकरी टिकवायची तर हाच नियम उपयोगी पडतो.

आता निरीक्षकाच्या हातात काय काय असतं ते पाहू. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचं ताजं पुनर्विलोकन, विम्याची कागदपत्रं, तांत्रिक नोंदवही, वजनाचा आणि समतोलाचा तक्ता, वैमानिकाचा परवाना, त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, श्वासचाचणीची नोंद. यांतलं काहीही तो मागू शकतो. यंत्राची झाकणं उघडायला लावू शकतो, कॉकपिटमध्ये बसू शकतो, गंभीर दोष दिसला तर उड्डाण रोखलं जाऊ शकतं. असे अधिकार असायलाच हवेत; त्यांच्याविना तपासणी म्हणजे चहापान. पण एवढे अधिकार असलेल्या माणसाचं सोंग कुणी घेतलं तर त्याच्या हाती काय लागेल? आपल्या मनात पहिल्यांदा लाच येते, कारण तोतया अधिकारी म्हणजे मिठाईच्या दुकानात भेसळीची धमकी देऊन पाच हजार उकळणारा, किंवा लोकलमध्ये बनावट पावतीपुस्तक घेऊन दंड वसूल करणारा, अशी आपली ओळख आहे. इथे गोष्ट निराळी आहे. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. उडण्यापूर्वी अर्धा तास कुणीतरी परका माणूस झाकण उघडून आत हात घालून गेला, किंवा अपघातानंतर अवशेषांतून कुणी एखादा सुटा भाग, एखादी वही उचलून नेली, तर ते भरून काढण्याचा मार्ग नाही. अपघाताच्या कारणात पैसा, विमा, प्रतिष्ठा आणि क्वचित राजकारण गुंतलेलं असतं. त्यामुळे तिथे शिरायची इच्छा असणारे पुष्कळ निघू शकतात, आणि ते सगळेच चोर असतील असंही नाही. कुणी विमा कंपनीचा, कुणी प्रतिस्पर्धी कंपनीचा, कुणी नुसताच उत्साही.

तोतयेगिरीच्या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून उदाहरणं आणायची गरज नाही. १९ मार्च १९८७ ला मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणून काही जण आले, झडती घेतली, दागिने ‘जप्त’ केले आणि म्होरक्या माल घेऊन निघून गेला. तो आजतागायत सापडलेला नाही. पुढे या घटनेवर ‘स्पेशल २६’ नावाचा चित्रपट निघाला आणि लोकांना त्यातली हुशारी तेवढी लक्षात राहिली. मला त्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. म्होरक्याने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिली होती, ताजमध्ये मुलाखती घेतल्या होत्या, आणि त्यातून निवडलेली २६ माणसं घेऊन तो पेढीवर गेला होता. ही माणसं खोटी नव्हती. आपल्याला सरकारी नोकरी लागली आहे आणि आजची ही सरावाची झडती आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं. पेढीवरच्या कुणी त्यांच्यातल्या एखाद्याला बाजूला घेऊन, डोळ्यांत डोळे घालून ‘तू खरंच अधिकारी आहेस का रे?’ असं विचारलं असतं, तर त्याने छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हटलं असतं, आणि चेहऱ्यावर खोटेपणाची रेघही उमटली नसती. म्हणजे समोरच्या माणसाचा आत्मविश्वास, त्याचा प्रामाणिक चेहरा, त्याच्या हातातला कागद, या कशानेच काही सिद्ध होत नाही. सगळे धागे ज्या एका हातात होते तो हातच खोटा होता.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. ६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कुलाब्याच्या नेव्हीनगरात पहाऱ्यावर असलेल्या एका तरुणापाशी नौदलाच्या गणवेशातला एक जण आला. तुझ्या जागी मी आलोय, तू जा, असं त्याने सांगितलं. तरुणाने इन्सास रायफल आणि काडतुसं त्याच्या स्वाधीन केली आणि तो निघून गेला. पुढे तेलंगणातून दोघा भावांना अटक झाली; त्यांतला एक स्वतः अग्निवीर म्हणून भरती झालेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे पहारा कसा बदलतात, कुठल्या शब्दांत बोलतात, कुठे उभं राहतात, हे त्याला पाठ होतं. देशातल्या अत्यंत बंदिस्त जागांपैकी एका जागी, शिस्तीत वाढलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडू शकतं. मग कोंढवळ्याच्या बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्या शिपायाकडून आपण कोणत्या चमत्काराची अपेक्षा करतो?

या दोन्ही प्रसंगांत एक साधी गोष्ट कामी आली असती. आलेल्या माणसाने दिलेल्या कुठल्याही धाग्याला हात न लावता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या मार्गाने विचारून घ्यायचं. नेव्हीनगरातल्या तरुणाने ‘थांबा, गार्डरूमला विचारतो’ म्हटलं असतं तर एका फोनमध्ये प्रकरण मिटलं असतं. यात ‘आपल्याकडे आधीपासून असलेल्या’ हे शब्द सोडून चालणार नाही. कार्डावर छापलेल्या नंबरला फोन लावणं म्हणजे तोतयालाच विचारणं की बाबा रे, तू तोतया आहेस का. मोबाइलवरून येणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत सुशिक्षित माणसं लाखो रुपये घालवतात ती याच जागी. पोलीस असल्याचं सांगणारा जो दुसरा नंबर देतो, त्याच नंबरवर ती खात्री करून घेतात.

ओळखपत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. शिकागो येथे १९४४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराच्या नवव्या परिशिष्टात विमान सुरक्षा निरीक्षकाच्या ओळखपत्राचा नमुनाच दिलेला आहे, म्हणजे परदेशातल्या विमानतळावरही तो ओळखता यावा. अमेरिकेत याहून एक पाऊल पुढे आहे. तिथल्या निरीक्षकाने ‘११०-ए’ या क्रमांकाचं ओळखपत्र कॅप्टनला दाखवलं की त्याला कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश द्यावा लागतो, तसा नियम आहे. आणि तिथल्या केंद्र सरकारी ओळखपत्राची विनापरवाना नक्कल काढणं हा गुन्हा आहे. कार्ड बघा, क्रमांक उतरवून घ्या, फोन करून विचारा, पण त्याची छायाप्रत काढू नका. आपल्या मनाला हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडे सावधपणा म्हणजे झेरॉक्स. ‘साहेब, कार्डाची एक झेरॉक्स लागेल, फायलीला’ असं म्हटलं की तपासणी केल्याचं समाधान मिळतं. प्रत्यक्षात त्या झेरॉक्सने काहीच तपासलेलं नसतं. उलट खऱ्या कार्डाचा नमुना हेलिपॅडच्या केबिनमध्ये, लग्नाच्या आयोजकाच्या ड्रॉवरमध्ये, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये जाऊन पडतो. पुढच्या तोतयाला याहून सोयीचं काय हवं?

मग अडतं कुठे? माझ्या मते तंत्रात अडत नाही. अडतं ते विचारण्यात. आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘आपण कोण?’ असं विचारणं हा त्याचा पाणउतारा मानला जातो. ‘मला ओळखलं नाहीस?’ या चार-दोन शब्दांवर महाराष्ट्रातली किती फाटकं उघडली असतील याची गणती नाही. सरकारी कचेऱ्यांत साहेबांच्या दाराशी सरकारी कामात अडथळा आणल्यास होणाऱ्या शिक्षेचा फलक असतो. जुन्या दंडविधानातलं ते कलम ३५३ आता न्यायसंहितेत १३२ झालं, पण लोकांच्या तोंडी अजून ‘तीनशे त्रेपन्न’च आहे. त्याच कचेरीत कर्मचाऱ्यांनी ओळखपत्र दर्शनी भागावर लावावं अशी परिपत्रकंही वारंवार येतात. फलक सगळ्यांना दिसतो, ओळखपत्र शर्टाच्या खिशात असतं. वास्तविक कायद्याची दिशा वेगळी आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसेल असं असलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात सांगितलं, पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आरोपीलाही जर आपल्याला पकडणारा कोण हे कळण्याचा हक्क असेल, तर राखणदाराला आत शिरणारा कोण हे विचारण्याचा हक्क असायलाच हवा.

हा प्रश्न विचारणं महाराष्ट्राने एकदा थेट हेलिपॅडवरच पाहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात उद्धव ठाकरे वणीला उतरले तेव्हा निवडणूक कर्मचाऱ्यांनी त्यांची बॅग तपासली. ठाकऱ्यांनी मोबाइलवर चित्रण करत एकेकाला नाव विचारलं, कुठले आहात विचारलं, याआधी कुणाकुणाच्या बॅगा तपासल्या तेही विचारलं. त्यातलं राजकारण ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात एक गोष्ट खटकली आणि एक पटली. खटकली ती अशी की ते कर्मचारी आपलं नेमून दिलेलं काम करत होते आणि कॅमेऱ्यासमोर त्यांची फरफट झाली. पटलं ते असं की तपासणाऱ्याला ‘तुम्ही कोण, कुणाच्या हुकुमाने’ असं विचारल्याने तपासणी थांबली नाही, बॅग तपासली गेलीच. फक्त हा प्रश्न विचारायला माजी मुख्यमंत्री असावं लागतं, ही अडचण आहे.

मुळशीकरांना तर हा प्रश्न शंभर वर्षांपासून माहीत आहे. धरणासाठी टाटा कंपनीची माणसं आली तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीत चाचणीचे खड्डे घ्यायला सुरुवात केली होती. कुणाच्या परवानगीने, हा साधा सवाल दडपला गेला, आणि त्यातून १९२१ साली सेनापती बापटांचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं तो मुळशी सत्याग्रह उभा राहिला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेलीच. पण अंगात साहेबी कपडे आणि हातात मोजणीची उपकरणं आहेत म्हणून माणूस अधिकृत ठरत नाही, हे या खोऱ्यातल्या माणसांना कुणी शिकवायची गरज नाही.

आतापर्यंत मी ‘हा माणूस खरा का?’ एवढ्यावरच बोलत आलो. याच्या पुढचा प्रश्न जास्त बिकट आहे. माणूस खरा असेल, कार्डही खरं असेल, पण या ठिकाणी, या कामापुरता त्याला अधिकार आहे का? बावधनच्या टेकडीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, अगदी अस्सल अधिकारी आला तरी अवशेषांचा ताबा आपोआप त्याचा होत नाही. अपघाताचा तपास विमान अपघात तपास ब्युरो करतो. २०१२ साली हा ब्युरो महासंचालनालयापासून मुद्दाम वेगळा काढला, कारण परवाने देणं आणि देखरेख करणं हे महासंचालनालयाचं काम, आणि अपघाताच्या मुळाशी त्या देखरेखीतलीच एखादी ढिलाई असू शकते. ज्याच्या कामाची झडती घ्यायची त्याच्याच हातात पुरावा द्यायचा नाही, एवढं साधं तत्त्व आहे. पण पहाऱ्यावरच्या शिपायाला दिल्लीच्या दोन कचेऱ्यांमधला फरक कसा कळणार? त्याच्या लेखी दोन्ही ‘विमानवाले साहेब’. म्हणून ओळखीबरोबर आदेशही विचारायला हवा: कोणत्या आदेशाने आलात, तो कुणी काढला, त्यात काय करायला सांगितलं आहे.

आणि अधिकार असला तरी लायकी? इथे कागदाचा खरा घोळ सुरू होतो. २०११ च्या सुरुवातीला गोव्याच्या दाभोळी विमानतळावर एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलं. मागची मुख्य चाकं आधी टेकायला हवीत, हे विमानशास्त्रातलं बाळबोध ज्ञान. चौकशी सुरू झाली, आणि वैमानिकाने वरच्या श्रेणीचा परवाना मिळवताना बनावट गुणपत्रिका जोडल्याचं समोर आलं. मग एकामागून एक प्रकरणं निघाली, दलाल पकडले गेले, खुद्द महासंचालनालयातल्या अधिकाऱ्यालाही अटक झाली, आणि देशभरातल्या वैमानिकांचे परवाने तपासायला घ्यावे लागले. त्या वैमानिकांची ओळख खोटी नव्हती. परवाना सरकारनेच दिलेला, सही-शिक्का खरा. खोटं होतं ते परवान्याच्या पोटातलं. एखाद्या निरीक्षकाने त्यांचा परवाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला असता तरी त्याला तो बिनचूकच दिसला असता. ते विमान वेडंवाकडं टेकलं नसतं तर प्रकरण किती वर्षं झाकलेलं राहिलं असतं, कुणास ठाऊक.

२०२४ च्या जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा केंद्रीय लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द करताना पंधरा वर्षांतल्या पंधरा हजारांहून जास्त उमेदवारांच्या नोंदी पुन्हा चाळल्याचं सांगितलं. आयोगाने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली: सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र आपण साधारणपणे खरं धरतो, दर वर्षी येणाऱ्या हजारो प्रमाणपत्रांचा खरेपणा तपासण्याचा ना आपल्याला अधिकार आहे ना साधनं. हे वाचून अनेकांना धक्का बसला. मला तो प्रामाणिकपणा वाटला. आपली सगळी ‘पडताळणी’ बहुतेक वेळा अशीच असते. कागद योग्य कचेरीतून आलाय का ते पाहायचं. कागदात लिहिलेलं खरं आहे का, हे त्या कचेरीवर सोपवायचं. त्या कचेरीनेही ते तिच्या खालच्या कचेरीवर सोपवलेलं असतं.

निरीक्षकांच्या बाबतीत भारताने याची किंमत मोजलेली आहे. ३१ जानेवारी २०१४ ला अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने भारताला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत ढकललं. भारतीय कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणं वाढवता येईनात. कारणांत ठळक होतं ते हे की आपल्याकडे उड्डाणकार्य निरीक्षक पुरेसे नाहीत आणि जे आहेत त्यांतले बरेच पूर्णवेळ सरकारी नोकर नाहीत. मग घाईने पदं निर्माण झाली, भरती झाली, आणि ८ एप्रिल २०१५ ला पहिली श्रेणी परत मिळाली. यामागची अडचण समजण्यासारखी आहे. वैमानिकांना तपासायला अनुभवी वैमानिकच लागतो, आणि अनुभवी वैमानिकाला कंपनी जो पगार देते तो सरकारला परवडत नाही. म्हणून माणसं कंपन्यांकडून उसनी घ्यायची किंवा कंत्राटावर ठेवायची. अशा निरीक्षकाचं कार्ड खरं, अनुभव खरा, कॉकपिटमधली नजरही तयार. पण उद्या परत ज्या कंपनीत नोकरीला जायचं आहे तिच्या चुकीवर आज बोट ठेवताना त्याचा हात थरथरेल की नाही, हे कुठल्या ओळखपत्रावर छापायचं?

प्रश्न जुना झालेला नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळून २६० माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदीय समितीने दिलेल्या अहवालात महासंचालनालयातल्या मंजूर १०६३ पदांपैकी ५५३ च भरलेली असल्याचं नोंदवलं. म्हणजे जवळपास निम्म्या खुर्च्या रिकाम्या. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा महासंचालनालयाने आपल्याच ४ उड्डाणकार्य निरीक्षकांना कामावरून काढलं. तेही कंत्राटी होते. त्यांचं नेमकं किती चुकलं हे आपल्याला ठरवता येत नाही. पण एवढं दिसतं की प्रवाशांचा संताप कंपनीवर होता आणि पहिली कुऱ्हाड तपासनिसांवर पडली. त्यांची लायकी, त्यांच्यावरचा कामाचा बोजा, त्यांचे हितसंबंध, हे सगळं आधी कुणी तपासलं होतं का, हा प्रश्न मागेच राहिला.

एक आक्षेप मला आधीपासून ऐकू येतो आहे, आणि तो फालतू नाही. तपासणी अचानक झाली तरच तिचा उपयोग. दारात उभं राहून निरीक्षकाची खातरजमा करत बसलं तर तोवर आत नोंदवही दुरुस्त होईल, संपलेला अग्निशामक बदलला जाईल, आणि ज्या वैमानिकाने उडायला नको होतं तो मागच्या दाराने जाईल. शिवाय हेलिकॉप्टर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची पोच मोठी असते. ‘आधी ओळख पटवा’ हे त्यांच्या हातात टाळाटाळीचं हत्यार होईल. हे होऊ शकतं. म्हणून खातरजमेला वेळेची मर्यादा हवी, आणि ती चालू असताना आतल्या कागदाला आणि यंत्राला कुणी हात लावायचा नाही अशी अट हवी. निरीक्षक दारात थांबेल, पण दाराआडचंही सगळं तिथल्या तिथे थांबेल. फोन लावून कार्डाचा क्रमांक सांगायला आणि ‘हो, आमचा माणूस आहे, आज तुमच्याकडेच आहे’ एवढं ऐकायला पाच मिनिटं पुरतात. पाच मिनिटांत ज्या कंपनीची नोंदवही दुरुस्त होते, तिची नोंदवही रोजच दुरुस्त होत असणार.

निरीक्षकांची यादी जाहीर करावी असं मात्र मला वाटत नाही. नावं, फोटो, पत्ते उघड्यावर टाकले तर खऱ्या माणसांना त्रास आणि तोतयांना नमुना. क्रमांक दिला तर उत्तर मिळावं, यादी मागितली तर मिळू नये, असं हवं. तंत्राची अडचण असेल असं वाटत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे वैमानिकांना इलेक्ट्रॉनिक परवाना मिळू लागला. असं करणारा चीननंतर भारत दुसरा देश. वैमानिकाचा परवाना आज चालू आहे की नाही हे मोबाइलवर दिसू शकत असेल, तर त्याला तपासायला आलेल्या माणसाचा अधिकार आज चालू आहे की नाही, हेही दिसायला हवं. कार्ड पाच वर्षं जुनं असू शकतं, माणूस गेल्या महिन्यात निवृत्त झालेला असू शकतो. खरं पण शिळं कार्ड बनावट कार्डापेक्षा जास्त फसवं असतं, कारण ते बघणाऱ्याला त्यात काहीच खोट सापडत नाही.

उरतो तो वॉचमन. त्याच्या हातात मोबाइल आहे, पण कुणाला फोन करायचा हे त्याला माहीत नाही. आणि केला तर उद्या आपली नोकरी राहील का, हेही नाही. यातली दुसरी भीती घालवायची तर ज्याने साहेबाला विचारलं त्याला साहेबानेच बरं म्हणायची रीत पाडायला हवी. पाहणीच्या अहवालात पहिल्या ओळीत ‘प्रवेशापूर्वी माझी ओळख तपासण्यात आली / आली नाही’ असा रकाना ठेवला आणि ‘आली नाही’ हा हेलिपॅड चालवणाऱ्याचा दोष धरला, तर मालक स्वतःच वॉचमनला शिकवील. पहिली अडचण त्याहून सोपी आहे. तात्पुरत्या हेलिपॅडसाठी जिल्हा प्रशासनाकडे अर्ज जातो, पोलिसांना कळवलं जातं, परवानगीचं पत्र निघतं. त्याच पत्रात महासंचालनालयाच्या मुंबईतल्या पश्चिम विभाग कार्यालयाचा आणि अपघात तपास ब्युरोचा, चोवीस तास उचलला जाणारा एकेक दूरध्वनी क्रमांक छापावा, आणि ते पत्र मराठीतून दोरीच्या खांबाला लावलेलं असावं. पौड आणि हिंजवडी पोलीस ठाण्यांच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या काचेखालीही तेच दोन क्रमांक ठेवावेत. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघायला नको. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची एक सही पुरे.